एकशे चौसष्ट अपेक्षा

नारायण पेठेतले शेजारी म्हणत, सुशीलाबाई रिसबुडांकडे वाटीभर साखर मागायला जाऊ नये. साखर मिळते, परंतु त्याआधी ती कशासाठी हवी, पाहुणे किती आहेत आणि दिवाळीत नेलेली वाटी अद्याप कोणाकडे आहे, याची उत्तरे द्यावी लागतात. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर सांगत, की बाईंच्या गच्चीतल्या वाळवणावर कावळासुद्धा नाव नोंदवल्याशिवाय बसत नाही. हे सारे अर्थात पाठीमागे. समोर बोलण्याची सोय नव्हती, कारण आळीतल्या निम्म्या संसारांची गाठ सुशीलाबाईंनीच मारून दिली होती, आणि पुढेमागे मुलांसाठीही त्यांच्याकडेच जावे लागणार होते.

त्या मूळच्या भोरकडच्या. बी.ए.साठी पुण्यात आल्या आणि टेलिफोन खात्याच्या चौकशी विभागात लागल्या. तीस वर्षे कानाला यंत्र लावून त्यांनी अनोळखी माणसांना अनोळखी माणसांचे क्रमांक सांगितले. निवृत्त झाल्यावर त्यांनी वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर दोन खोल्यांत चालणाऱ्या वधू-वर सूचक मंडळाचे काम विनावेतन पत्करले. तेव्हा त्यांचे यजमान रंगनाथराव वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "खातं बदललं. काम तेच आहे."

त्या दोन खोल्या म्हणजे सुशीलाबाईंचे सकाळी उठून इस्त्रीची साडी नेसण्याचे कारण होते. आणि यंदा नेमक्या त्याच जाणार होत्या.

मंडळाचे अध्यक्ष अनंतराव बेहेरे हे निवृत्त अभियंते. धरणे बांधण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे जे भरत नाही ते त्यांना पाहवत नसे. दिवाळीनंतरच्या सभेत त्यांनी विचारले, "मागच्या मेळाव्यात किती जोड्यांनी पुन्हा भेटायची इच्छा दाखवली?"

"चार."

"लग्नं?"

"एक. त्यातही मुलगा-मुलगी आधीपासून एकमेकांना ओळखत होते."

"हे आपण सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"नोंद आहे," सुशीलाबाई म्हणाल्या.

मग अनंतरावांनी खिशातून एक कागद काढला. मोबाईलवर लग्ने जमवणारी बाणेरची कोणती तरी कंपनी मंडळाची सगळी नोंद आणि नाव दोन्ही घ्यायला तयार होती. खोल्या रिकाम्या करून द्यायच्या. "जानेवारीचा मेळावा होऊ द्या," ते म्हणाले. "आकडा बदलला तर बघू. नाही बदलला तर दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सही करतो."

मेळावा म्हणजे परिचय पुस्तिका आली, आणि ती यंदा प्रथमच संगणकावरून निघायची होती. त्याची जबाबदारी अभिनव काळमेघने घेतली. तो अमरावतीचा, हिंजवडीला नोकरी आणि कर्वेनगरला बिऱ्हाड. तीन वर्षांपूर्वी मंडळातूनच त्याचे लग्न जमले होते, त्याची परतफेड म्हणून त्याने ऑनलाइन अर्ज तयार करून दिला होता. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, अपेक्षा, गाव, उमेदवाराचा मोबाईल, पालकांचा मोबाईल, अशी आठ उत्तरे. एकशे चौसष्ट अर्ज आले. मेळाव्याच्या आधीच्या सोमवारी त्याने ते सगळे एका फाइलमध्ये बांधून पाठवले आणि फोन केला.

"काकू, एकदम सोपं आहे. साध्या मजकुराची फाइल आहे. दोन उत्तरांच्या मध्ये कॉमा टाकलाय. स्प्रेडशीट उघडा, इंपोर्ट म्हणा, फाइल निवडा. कुठे तोडू असं विचारलं की कॉमावर टिचकी मारा. प्रत्येक उत्तर आपापल्या रकान्यात जाऊन बसतं."

"आणि नाही बसलं तर?"

"बसतंच, काकू."

टेलिफोन खात्यात असताना 'लागतोच' असे म्हणणारे अनेक तंत्रज्ञ सुशीलाबाईंनी पाहिले होते. त्यांनी सगळ्या पायऱ्या वहीत उतरवून घेतल्या आणि मंगळवारी सकाळी, हात धुऊन, फाइल आत घेतली.

पडद्यावर जे उमटले ते पाहून त्यांनी चष्मा पुसला. पण दोष चष्म्याचा नव्हता. 'गाव' या रकान्यात निर्व्यसनी, मनमिळाऊ, गोरी, उंच अशी गावे होती. 'उमेदवाराचा मोबाईल' म्हणून 'शक्यतो पुण्यातच स्थायिक' असा क्रमांक दिलेला होता. एका दंतवैद्याच्या पालकांना फोन करायचा तर 'आधुनिक विचारांची पण परंपरा जपणारी' हा क्रमांक फिरवावा लागणार होता. लोकांनी अपेक्षा लिहिताना मध्ये मध्ये कॉमा दिले होते. संगणक प्रत्येक कॉमापाशी इमानेइतबारे तोडत गेला आणि पुढचे सगळे उजवीकडे ढकलत राहिला. अपेक्षा जितक्या अधिक, तितका माणूस लांब.

सर्वांत लांब माणूस होता शौनक बेहेरे, वय चौतीस, अध्यक्षांचा एकुलता एक मुलगा. त्याचा अर्ज वडिलांनी भरला होता आणि त्यात एकोणीस अपेक्षा होत्या. त्याचा मोबाईल क्रमांक शोधत सुशीलाबाई पंचविसाव्या रकान्यापर्यंत गेल्या, तेव्हा कुठे तो एका कोपऱ्यात, घरातून हाकलल्यासारखा, सापडला.

त्यांनी अभिनवला फोन लावला.

"अपेक्षांमध्ये इतके कॉमा कोण टाकतं, काकू?"

"तुमचं जुनं कार्ड माझ्या हातात आहे. 'साधी, मनमिळाऊ, घरकामाची आवड असलेली, नोकरी करणारी.' तीन कॉमा."

"मी बघतो, काकू. आज ऑफिसात फार गडबड आहे. उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून देतो. तोवर तुम्ही काही करू नका."

काही न करणे सुशीलाबाईंना आयुष्यात जमले नव्हते. छापखान्याला गुरुवारी संध्याकाळी मजकूर हवा होता, आणि तो गेला नाही तर मेळावा बुडाला, मेळावा बुडाला तर सोमवारची सही ठरलेली. त्या ओळींवरून बोट फिरवू लागल्या. एकशे चौसष्ट ओळींत अकरा ओळी मात्र सरळ उभ्या होत्या. गावाच्या जागी गाव, मोबाईलच्या जागी मोबाईल. त्यांतली पहिली लोणी काळभोरच्या मैनेची होती. शिक्षण बी.एस्सी. कृषी. अपेक्षा: बोलका असावा.

सुशीलाबाईंनी पालकांचा क्रमांक फिरवला. फोन उचलला तो मैनेच्या आजीने, तुळजाबाईंनी.

"आजी, मंडळातून बोलतेय. अर्जात अपेक्षा एकच लिहिलीय तुम्ही."

"येकच हाय."

"शिक्षण, नोकरी, घर, काहीच नको?"

"ते पोरगी बघंल, शिकलेली हाय ती. आमच्या घरातले गडी दिस दिस तोंड उघडत न्हाईत, बाई. म्हाताऱ्यानं पन्नास वर्सांत दोनदा मला नावानं हाक मारली. दोन्ही येळंला म्हस सुटली हुती. तवा तेवढा बोलका बघा. बाकीचं आमी निभावून नेऊ."

फोन ठेवल्यावर सुशीलाबाईंनी उरलेल्या दहा सरळ ओळी तपासल्या. दहाही जणांनी अपेक्षा एकेकच लिहिली होती. त्यांच्या लेखी उलगडा झाला: संगणकात एकच अपेक्षा मावते. म्हणजे राहिलेल्या एकशे त्रेपन्न जणांना फोन करून, कोणती ठेवू, असे विचारायला हवे.

येथे मंडळाचा एक रिवाज मोडला गेला. स्थापनेपासून मंडळ बोलत असे ते पालकांशी. मुलामुलींचा क्रमांक केवळ नोंदीपुरता घेतला जाई. परंतु प्रत्येक ओळीत डावीकडून शोधत गेले, की पहिला दहा आकडी क्रमांक भेटे तो उमेदवाराचा. पालक त्याच्याही पलीकडे. वेळ थोडा होता. सुशीलाबाईंनी जो आधी भेटला त्याला फोन लावला.

"वधू-वर मंडळातून बोलतेय. संगणकात एकच अपेक्षा मावते. कुठली ठेवू?"

पहिली मुलगी डॉक्टर होती. तिने फारसा विचार केला नाही. "जेवताना टीव्ही बंद. बाकी सगळं काढून टाका."

सलिल नावाच्या संगणक अभियंत्याने वाटाघाटी सुरू केल्या. "काकू, कॉमाऐवजी 'आणि' लिहिलं तर?"

"चालत नाही."

"'तसेच'?"

"नाही."

"कंसात?"

"तुम्हाला बायको हवीय की निविदा काढायचीय?"

सलिल हसला आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मला पोहता येत नाही. तिनं त्यावरून सगळ्यांसमोर चिडवू नये." सुशीलाबाईंनी तसेच लिहून घेतले.

एक जण म्हणाला, "माझ्या अपेक्षा आईनं भरल्यात. मी अजून वाचल्या नाहीत."

"चौदा आहेत."

"मग मी विचार करून सांगतो." त्याचा फोन तीन तासांनी आला. "तिला कुत्रा चालायला हवा. एवढंच. आणि काकू, हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं."

"कुत्र्याचं वय?" सुशीलाबाईंनी विचारले. नोंद ती नोंद.

बुधवारी दुपारपर्यंत ऐंशी फोन झाले. त्याच वेळी अभिनवची नवी फाइल येऊन थडकली. "काकू, प्रत्येक उत्तराला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हांचं कुंपण घातलंय. आता आतल्या कॉमाला संगणक हातसुद्धा लावणार नाही. करा इंपोर्ट."

त्यांनी केले. एकशे चौसष्ट ओळी कवायतीला उभ्या राहाव्यात तशा सरळ उभ्या राहिल्या. गावात गाव, मोबाईलमध्ये मोबाईल, आणि अपेक्षांच्या रकान्यात, एकही न सांडता, सगळ्यांच्या सगळ्या अपेक्षा. संगणकात एकच अपेक्षा मावते, हा आपला शोध साफ चुकीचा होता, हे सुशीलाबाईंना कळले.

त्या रकाना वाचू लागल्या. निर्व्यसनी एकशे एकतीस जणांना हवा किंवा हवी होती. मनमिळाऊ एकशे दहा. 'अनुरूप' तर इतक्यांना, की तो शब्द दहाव्यांदा वाचल्यावर दिसेनासा झाला. कोणाच्याही अपेक्षा कोणाच्याही नावापुढे चिकटवल्या असत्या तरी खुद्द त्या माणसाच्या लक्षात आले नसते. मग त्यांनी शेजारी पडलेली वही उघडली. तिच्यात टीव्ही होता, कुत्रा होता, पोहता न येणारा सलिल होता. ऐंशी ओळी आणि ऐंशी माणसे.

संध्याकाळी घरी त्या रंगनाथरावांना म्हणाल्या, "फाइल दुरुस्त झाली."

"मग सुटलीस."

"छे. अजून त्र्याहत्तर जणांना फोन करायचेत."

"कशाला?"

"संगणकात एकच अपेक्षा मावते."

रंगनाथरावांनी रेडिओचा आवाज कमी केला. "कुठल्या संगणकात?"

"आमच्या."

"अगं, हे धडधडीत खोटं आहे."

"मंगळवारी खरं होतं," सुशीलाबाई म्हणाल्या. "मी नियम बदललेला नाही. संगणक बदलला."

रंगनाथरावांनी रेडिओ पुन्हा मोठा केला. चाळीस वर्षांच्या संसारात कोणत्या क्षणी आवाज वाढवावा, हे त्यांना नेमके कळत असे.

गुरुवारी दुपारी शौनक बेहेरेची पाळी आली. हा फोन टाळता आला असता. अध्यक्षांनी भरलेल्या अर्जाला हात लावणे म्हणजे सोमवारच्या सहीची शाई स्वतःच भरून देणे होते. सुशीलाबाईंनी घोटभर पाणी पिऊन क्रमांक फिरवला.

"बाबा इथेच आहेत. देऊ का त्यांना?"

"नको. काम तुमच्याशी आहे. तुमच्या अपेक्षा एकोणीस आहेत. त्यांतली एक ठेवायचीय."

"माझ्या? एकोणीस?"

"तुमच्या नावावर आहेत."

"वाचून दाखवता का?" त्यांनी वाचायला सुरुवात केली. सातव्या अपेक्षेला शौनकने त्यांना थांबवले. "पण हे सगळं असलेली मुलगी माझ्याशी का लग्न करेल?"

"तो रकाना अर्जात नाही."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि शौनकचा स्वर खाली गेला. "काकू, संगणकाला खरंच एकच चालते?"

"मंडळाच्या संगणकाला."

"मग लिहा. वडिलांच्या विनोदाला उगाच हसणारी नसावी."

पेन कागदावर टेकण्याआधी थोडे हवेतच राहिले. हे वाक्य छापले जाणार होते, आणि ज्यांच्या हाती मंडळाचे मरण होते ते पहिली प्रत घेणार होते. सुशीलाबाईंनी ते वळणदार अक्षरात लिहिले आणि खाली रेघ मारली. सहा वाजता मजकूर छापखान्यात गेला.

रविवारी कर्वेनगरातल्या सभागृहात मेळावा भरला. दरवर्षी पालक एकमेकांना पगार आणि फ्लॅटचे मजले विचारत आणि मुले खुर्च्यांत बसून मोबाईल चोळत. यंदा दहाच्या सुमारास एका कोपऱ्यातून कोणी तरी मोठ्याने हसले. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मुलेमुली पुस्तिकेत बोट ठेवून उठत होती. "तो कुत्रेवाला कोण?" असे एक मुलगी उघड विचारत फिरत होती.

अनंतराव पुस्तिका घेऊन सुशीलाबाईंच्या टेबलापाशी आले. त्यांचे बोट सत्त्याण्णव क्रमांकावर होते.

"हे काय आहे?"

"परिचय पुस्तिका."

"माझ्या अपेक्षा कुठे गेल्या?"

"आपण उमेदवार नाही, अनंतराव."

"अहो, एकोणीस होत्या! आणि ही त्यांतली एकही नाही!"

"संगणकात एकच मावत होती. उमेदवारानं ही सांगितली."

"असला कसला संगणक?"

"जुना आहे. नवा घेण्याचा ठराव आपणच दोनदा पुढे ढकललात."

तोवर टेबलापाशी एक मुलगी येऊन उभी राहिली होती: तनया बारटक्के, महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारी. तिची अपेक्षा होती, नाटक चालू असताना शेजारी बसून ते समजावून सांगू नये. "सत्त्याण्णव नंबरना भेटता येईल का?" तिने विचारले.

"मी त्याचा वडील," अनंतराव म्हणाले.

"अच्छा." तिने त्यांना आदराने न्याहाळले. "म्हणजे विनोद तुमचे."

अनंतरावांच्या अब्रूचा प्रश्न आला. धरणाच्या पाहणीला आलेल्या साहेबाचा एक किस्सा ते गेली तीस वर्षे सांगत होते आणि त्यांच्या हाताखालची माणसे निवृत्त होईपर्यंत त्याला हसत होती. त्यांनी तो तिथेच, उभ्याउभ्या, हातवाऱ्यांसकट सांगितला. तनयाने शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकले.

"मग पुढे?"

"पुढे काही नाही. संपला."

"अच्छा," तनया म्हणाली.

मागे येऊन उभा राहिलेला शौनक इतका हसला, की त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. त्या किस्स्याला तो इतका मनापासून कधीच हसला नव्हता, हे अनंतरावांना मान्य करावे लागले. त्यानंतर ती दोघे चहाच्या रांगेत दिसली, आणि पुढे रांग संपल्यावरही तिथेच दिसत राहिली.

पुन्हा कोणाला भेटायचे त्यांची नावे प्रत्येकाने लिहून दिलेल्या चिठ्ठ्या संध्याकाळी मोजल्या. पुन्हा भेटू इच्छिणाऱ्या जोड्या सदतीस. मैनेने चार नावे लिहिली होती. त्यांतला एक तिलाच बोलू देईना, म्हणून तिने ते खोडले होते.

सोमवारी सकाळी मंडळाच्या खोलीत सभा भरली. बाणेरच्या कंपनीचा कागद टेबलावर होता आणि अनंतरावांच्या हातात टोपण काढलेले पेन. त्यांनी चिठ्ठ्यांची चळत दोनदा मोजली. सत्कारासाठी बोलावलेला अभिनव, सुशीलाबाईंनी डोळ्यांनी केलेली खूण न समजून, उत्साहाने म्हणाला, "पुस्तिका भारी झाली हं, काकू! पण मी बुधवारी पाठवलेली फाइल का नाही वापरली? त्यात सगळ्यांच्या सगळ्या अपेक्षा व्यवस्थित बसल्या होत्या."

सुशीलाबाईंनी वही मिटून मांडीवर घेतली आणि ताठ बसून राहिल्या. खोटे पकडले गेले होते आणि पेन अजून उघडे होते.

अनंतरावांनी कंपनीच्या कागदाकडे पाहिले. मग चळतीतून वर आलेल्या शौनकच्या चिठ्ठीकडे पाहिले. कागद रद्द करायचा तर या बाईंची लबाडी पोटात घालावी लागत होती. लबाडी धरायची तर सदतीस जोड्या खोट्या ठरत होत्या, आणि त्यांतली एक घरची होती. त्यांनी पेनाला टोपण लावले, कागदाची घडी करून अभिनवच्या हाती दिली आणि म्हणाले, "हा परत पाठवून द्या. सविनय." मग ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे वळले.

"सुशीलाबाई, म्हणजे संगणकाला एकोणीसच्या एकोणीस अपेक्षा चालत होत्या?"

"संगणकाला चालत होत्या," सुशीलाबाई म्हणाल्या. "मुलींना चालत नव्हत्या."